इंटरवलपर्यंत एक नंबर

मारेगावात पाऊस कधी येईल हे सांगणारे पुष्कळ आहेत. सोयाबीनचा भाव कधी चढेल हे सांगणारे त्याहून जास्त. पण पिक्चर नेमका कोणत्या मिनिटाला बिघडला, हे सांगणारा माणूस एकच. ड्रॅगनभाऊ. त्यांचं खरं नाव आधारकार्डावर आहे आणि तिथेच राहिलं आहे. वहिनीसुद्धा दारात आलेल्याला "ड्रॅगन घरी नाही" असं सांगून मोकळ्या होतात, आणि आलेल्याला ते पुरतं.

भाऊंनी पन्नाशी ओलांडली. उंची बेताची, पोट जरा पुढे. चालताना मात्र दोन्ही हात अंगापासून वीतभर लांब, कारण कोण कुठून वार करील याचा नेम नाही. वणीच्या रस्त्यावर त्यांचं कृषी केंद्र आहे. बियाण्याची पाकिटं, स्प्रेपंप, तणनाशकाचे डबे, आणि गल्ल्याच्या मागे उघड्या अंगाच्या ब्रूस लीचं पोस्टर. औषधांच्या वासानं की उन्हानं कोण जाणे, ते आता पार पिवळं पडलंय. एकदा बोटोणीकडचा एक म्हातारा शेतकरी कपाशीसाठी टॉनिक मागायला आला, त्या पोस्टरकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "हेच द्या जी, ह्या पोट्ट्याले पाह्य कसं लागू पडलं." भाऊ त्या दिवशी दुपारपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

भाऊंचा धर्म एकच, मारामारीचा पिक्चर. त्यातही हाताची आणि लाथेची मारामारी. आमच्या गावात अशा सगळ्या प्रकाराला 'कराटे' म्हणतात, आणि यावर भाऊंचं डोकं फिरतं. कराटे जपानचं, कुंफू चीनचं, तायक्वांदो कोरियाचं, कलरी केरळचं, हे ते पंप विकता विकता समजावतात. ऐकणारा मान हलवतो, पैसे देतो आणि जाताना विचारतो, "मंग तुमच्या कराटेचा नवीन पिच्चर कोणता आला?"

असल्या पिक्चरचं एक दुखणं आहे, आणि त्यावर भाऊंनी उभा जन्म घालवला आहे. सुरुवात जबरदस्त असते. पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी पावसात, चिखलात, एकटा, वीस जणांना लोळवतो. अंगावर काटा येतो. मग पिक्चर हळूहळू बसायला लागतो. नायकाला मुलगी भेटते, मुलीला गाणं सुचतं, गाण्याला परदेश लागतो, आणि शेवटी खलनायक बंदूक काढतो. भाऊंचा निकाल त्यांच्या धंद्याच्या भाषेत येतो. "उगवण एक नंबर होती, पहिला वेचाही चांगला निंगाला. इंटरवलनंतर बोंडअळी लागली." गाजलेल्या पिक्चरचा दुसरा, तिसरा भाग आला की तो 'फरदड', म्हणजे वेचणी संपल्यावरही उभ्याच ठेवलेल्या कपाशीचं पीक. टायगर श्रॉफच्या २०१६ च्या 'बागी'त केरळातल्या कलरीच्या आखाड्याचा भाग भाऊंना मनापासून आवडला होता. २०१८ ला दुसरा आणि २०२० ला तिसरा 'बागी' आला तेव्हा म्हणाले, "फरदड घेऊ नका म्हणून कृषी खातं घसा फोडून राह्यलं. कोणी आयकते काय?"

भाऊंच्या शेजारी बसून पिक्चर पाहणं हा वेगळाच खेळ आहे. पडद्याकडे पाहायची गरज नसते, त्यांच्या हाताकडे पाहावं. आमच्या भागातल्या माणसाप्रमाणे त्यांच्या डाव्या तळहातावर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी असते आणि उजव्या हाताचा अंगठा तिच्यावर फिरत असतो. घोटणं, दाबणं, पन्नी उलटी करणं, पुन्हा घोटणं. पहिली मारामारी सुरू झाली की अंगठा जागच्या जागी थांबतो. पन्नी तशीच उघडी, सुपारी अर्धी भिजलेली, भाऊंचं तोंड उघडं. मारामारी खरी असेल तोवर तो अंगठा हलत नाही. मग कुठेतरी, कधी विसाव्या मिनिटाला, कधी चाळिसाव्या, अंगठा सावकाश फिरू लागतो. बस्स. पिक्चर गेला. पुढे मागच्या रांगेतले लोक शिट्ट्या मारत असले तरी आम्हांला कळलेलं असतं.

अंगठा का फिरला, ते मात्र ते बाहेर आल्यावर सांगतात. त्यांचा मुख्य आक्षेप कात्रीवर. "लाथ अन् थोबाड एका टायमाले दिसलं पाह्यजे. इथं पहिले पाय दाखोते, मंग तोंड दाखोते, मंग पडलेला माणूस दाखोते. मधलं कोणं खाल्लं?" जॅकी चॅनच्या १९९४ च्या 'ड्रंकन मास्टर २' मधल्या शेवटच्या मारामारीचं शूटिंग जवळपास चार महिने चाललं होतं, ही गोष्ट भाऊ दर आठवड्याला एकदा तरी सांगतात. "चार महिने! तेवढ्यात कपाशी बोंडावर येते." मग खिशातून चुन्याची डबी काढतात, म्हणजे समजायचं की विषय संपलेला नाही.

दुसरा आक्षेप बंदुकीवर, आणि तिथे मला त्यांचं म्हणणं मनापासून पटतं. लाथेच्या पिक्चरमध्ये बंदूक आली की प्रेक्षक मनात विचारतोच, मग आधी का नाही झाडली? १९७३ च्या 'एंटर द ड्रॅगन'वाल्यांनी याची सोय गोष्टीतच केली आहे. ब्रूस ली स्वतःच विचारतो की एखादा सरळ पिस्तूल काढून काम का संपवत नाही, आणि त्याला सांगितलं जातं की खलनायक हानच्या बेटावर बंदुका चालत नाहीत. "पाह्य, सुरुवातीलेच बीजप्रक्रिया करून टाकली," भाऊ म्हणतात. त्यांच्या मते उगवणीपासून शेवटच्या वेच्यापर्यंत निरोगी राहिलेला पिक्चर बरीच वर्षं तो एकच होता. आणि तो लोकांनी पाहायच्या आधीच, २० जुलै १९७३ ला, ब्रूस ली बत्तिसाव्या वर्षी हाँगकाँगला गेला. २० जुलैला भाऊ पोस्टरला हार घालतात. त्या सुमारास आमच्याकडे डवरणीचे नि फवारणीचे दिवस असतात. घाईत आलेल्या एका गिऱ्हाइकानं हार पाहून हळू आवाजात विचारलं होतं, "मालक गेले काय?"

भाऊंना हा रोग लागला तो व्हिडिओच्या काळात. गावात कोणाकडे तरी लग्नाच्या निमित्तानं भाड्याचा व्हीसीआर यायचा आणि रात्रभर तीन-तीन पिक्चर चालायचे. तिथे त्यांनी १९७८ चा 'थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' पाहिला, गॉर्डन लिऊचा. त्यातला नायक पाण्याच्या बादल्या हात आडवे ताणून वाहतो, ते पाहून भाऊ आठवडाभर विहिरीवरून तसंच पाणी आणत होते. त्यांच्या आईला वाटलं, पोरगा सुधारला. मग मिथुनचा १९८३ चा 'कराटे' आला आणि गावातल्या निम्म्या पोरांनी डोक्याला पट्ट्या बांधल्या. भाऊंनी कुदळीच्या जुन्या दांड्याचे दोन तुकडे केले, मधे सायकलची चेन लावली आणि नानचाकू तयार केला. पहिल्या फेरीला तो त्यांच्याच कपाळावर आला. डाव्या भुवईवरची ती खूण अजून आहे. नवीन माणसानं विचारलं तर म्हणतात, "प्रॅक्टिसची आहे."

कोणी फार चीन-जपानचं कौतुक करू लागलं की हेच भाऊ उलटतात. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथले खेळाडू जर्मनीत आपले देशी खेळ दाखवून आले होते. "आपल्या विदर्भातले पोट्टे बर्लिनले जाऊन आले, अन् तुम्ही मले चीन सांगता!" असं ऐकवून ते आपल्याच पोस्टरकडे पाठ करून बसतात. पाच मिनिटं.

२००९ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या तिळगुळासोबतच, 'चांदनी चौक टू चायना' आला. त्यात खलनायक कोण, तर गॉर्डन लिऊ! ज्याच्यासाठी लहानपणी बादल्या वाहिल्या, तो साक्षात हिंदी पिक्चरमध्ये. वर भाजी चिरणाऱ्याच्या भूमिकेत अक्षय कुमार, जो खरोखर बँकॉकला जाऊन शिकून आलेला. आणि वडीलधाऱ्या दादाच्या भूमिकेत मिथुन. भाऊंच्या दृष्टीनं ही तर त्रिवेणी. तो वणीला लागला तेव्हा त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि आम्हां सहा जणांना स्वतःच्या खर्चानं चहा पाजून काळीपिवळीत कोंबलं. चाकूसारख्या धारेची टोपी फेकणारा गॉर्डन लिऊ पडद्यावर आला तेव्हा अंगठा थांबला होता. मग गणपतीच्या आकाराचा बटाटा, जुळ्या बहिणी, पुनर्जन्म अशी सगळी ढेप एकाच टोपल्यात आली आणि अंगठा असा काही फिरू लागला की शेजारच्याला घोटण्याचा आवाज गेला असेल. परतीच्या गाडीत भाऊ एकच वाक्य बोलले. "कराटेवाल्या मिथुनले मारून टाकलं अन् भाजी चिरणाऱ्याले जितोलं." ड्रायव्हरनं त्यावर मागे वळून पाहिलं, एवढा त्या आवाजात शोक होता.

त्या पिक्चरपासून सुरू झालेली एक पद्धत अजून चालू आहे. दुसऱ्या दिवशी भाऊ प्रत्येकाच्या घरी आले आणि तिकिटाचे अर्धे पैसे परत देऊन गेले. कोणी नको म्हटलं तर रागावले. "बियाणं उगवलं नाही तं शेतकरी माह्या दुकानात येते. पिच्चर बिघडला तं तुम्ही कुठं जान?" अर्धेच का, तर इंटरवलपर्यंत चांगला होता म्हणून. हिशोब चोख.

पण या माणसाची खरी करामत टॉकीजमध्ये दिसत नाही. ती दिसते दुसऱ्या दिवशी सकाळी, बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर. आलुबोंड्यावर तर्री घालून घेतात, पहिला घास मोडतात आणि पिक्चर सांगायला घेतात. पहिला भाग जसाच्या तसा. आणि जिथे अंगठा फिरू लागला होता, तिथे आल्यावर भाऊ क्षणभर थांबतात, बोटं पुसतात, आणि पुढचा पिक्चर स्वतः तयार करतात.

हे माझ्या लक्षात आलं २०१७ च्या 'कुंफू योगा'त. जॅकी चॅन आणि सोनू सूद. सोनू सूद मूळचा पंजाबातल्या मोग्याचा, पण इंजिनियर झाला नागपूरच्या यशवंतराव चव्हाण कॉलेजात, तेवढं भाऊंना बस्स होतं. "आपला नागपूरचा पोट्टा जॅकी चॅनसंग लढून राह्यला," असं त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं. फेब्रुवारीत गाडी करून आम्ही नागपूरला गेलो. बर्फाच्या गुहेपर्यंत अंगठा थांबलेला होता. मग पिक्चर दुबईला गेला. गाड्यांची पळापळी सुरू झाली आणि जॅकी चॅनच्या गाडीत मागच्या सीटवर सिंह निघाला. खरा की कॉम्प्युटरचा, ते सोडा, पण सिंह. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत एक प्रश्न होता, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आणि शेवटी, देवळात, आता जॅकी आणि आपला पोट्टा भिडणार अशा वेळी, सगळे मिळून नाचू लागले. नायक, खलनायक, बाया, सगळे. भाऊंनी खर्रा तसाच पन्नीत गुंडाळून खिशात टाकला. घोटायचीही इच्छा उरली नव्हती.

आता टपरीवरचा 'कुंफू योगा' ऐका. त्यात दुबई नाही, सिंह नाही. बर्फाच्या गुहेतून थेट देऊळ. देवळात शिरताना मशाल विझते. मिट्ट काळोख. जॅकीला सोनू दिसत नाही, सोनूला जॅकी दिसत नाही. ऐकू येतो तो फक्त श्वास. मग आपला नागपूरचा पोट्टा प्राणायाम लावतो आणि श्वास रोखून धरतो. जॅकीला काही ऐकू येईना. जॅकीही काही कमी नाही, तोही श्वास रोखतो. दोघं काळोखात हातभर अंतरावर उभे. जो आधी श्वास घेईल, तो मेला. "कुंफूही आला अन् योगाही आला," भाऊ म्हणाले आणि गप्प बसले. टपरीवर कोणी हलेना. चहावाल्याचं दूध उतू गेलं. एका पोरानं तर खरोखरच श्वास रोखला होता, त्याच्या पाठीत थाप मारावी लागली. कोणी विचारलं, "मंग कोण जितला?" भाऊ उठले, पैसे ठेवले. "पाहून घ्या."

नागपूरला सोबत गेलेले आम्ही चौघं बाजूच्याच बाकावर होतो. एकानंही तोंड उघडलं नाही.

पुढे तो पिक्चर टीव्हीवर लागला. दोन-तीन जण दुकानात तक्रार घेऊन आले. "भाऊ, ते नाचूनच राह्यले. तो श्वासाचा सीन कुठी गेला?"

"टीव्हीवाल्यांनं कापला असन," भाऊ शांतपणे म्हणाले, आणि डीएपीची पावती फाडली.

२०१७ च्याच हंगामात खरी गुलाबी बोंडअळी आली. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीची बोंडं आतून किडली, आणि फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. त्या हंगामात भाऊंच्या तोंडून पिक्चरसाठी 'बोंडअळी' हा शब्द एकदाही आला नाही. फवारायला जाणारा दिसला की हातमोजे नि मास्क लावल्याशिवाय पंपाला हात लावू द्यायचे नाहीत. कोणी "काई होत नाही जी" म्हटलं की एरवी लढाईसाठी राखून ठेवलेला आवाज बाहेर यायचा. टपरीवर कोणी विचारलं की नवीन पिक्चर कोणता, तर नुसती मान हलवत.

एक पिक्चर असा आहे की त्यानं भाऊंची पंचाईत केली. पुतण्यानं लॅपटॉपवर २०११ चा 'द रेड' दाखवला. इंडोनेशियातला. जकार्तातली एक इमारत, वर खलनायक, खालून पोलीस, आणि मजल्यामजल्यावर सिलाटची मारामारी. बंदुका आहेत, पण गोळ्या संपतात आणि हाताचंच राज्य येतं. अंगठा शेवटपर्यंत फिरला नाही. आम्हांला वाटलं, दुसऱ्या दिवशी टपरीवर सण होणार. भाऊ आले, आलुबोंडा खाल्ला. "कसा होता जी?" "मस्त आहे." "सांगा ना मंग." "सांगाचं काय त्याच्यात? पाह्यजान तुम्ही." आणि लवकर उठून गेले. दिवसभर चिडचिडे होते. वहिनींनी रात्री विचारलं, तर म्हणे, "काही सोडलंच नाही त्यानं."

आणि एक पिक्चर असा, ज्याला ते हात लावत नाहीत. 'गेम ऑफ डेथ'. ब्रूस लीनं त्यातल्या मारामाऱ्या १९७२ ला काढून ठेवल्या होत्या. तो गेल्यावर दिग्दर्शक रॉबर्ट क्लाउजनं काळे चष्मे घातलेले डुप्लिकेट उभे करून १९७८ ला पिक्चर पुरा केला. एका ठिकाणी तर आरशावर ब्रूस लीच्या तोंडाचं कागदी चित्र चिकटवलेलं आहे. म्हणजे सुरुवातच वाईट, आणि चांगली ती शेवटची काही मिनिटं, पिवळ्या कपड्यातला खरा ब्रूस ली, समोर सात फुटांहून उंच करीम अब्दुल-जब्बार. बाकी साऱ्या पिक्चरच्या उलट. एवढा मोकळा, मोडका पहिला भाग समोर असताना भाऊंनी तो दुरुस्त का केला नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मालक मेला त्या वावराचा. आपण काहून हात लावाव?"

हल्ली टॉकीजला जाणं कमी झालं. मोबाइलवर सगळं येतं. भाऊंचं म्हणणं, इंटरवल ही आपल्याकडचीच भानगड; परदेशी पिक्चर सलग असतात, आपले लोक समोसे विकायला मधेच कापतात. पण मोबाइलवर इंटरवल नसला तरी त्यांचा हात आपोआप अर्ध्यावर थांबतो. चहा घ्यायला उठतात. परत यायची भीती वाटते. त्यांचा मोबाइल पाहिला तर चित्रांच्या रांगाच रांगा, आणि प्रत्येक चित्राखालची लाल रेघ मध्यावर येऊन अडलेली. वहिनी म्हणतात, "पूर्ण पाहून टाका ना एखादा. माह्या मालिका मी सात-सात वर्षं पाहून राह्यली." वहिनींच्या मालिकांना सुरुवातीचा जोर नसतो आणि शेवटही नसतो, त्यामुळे त्यांचा कधी अपेक्षाभंग होत नाही. दोघांचा संसार चांगला चालला आहे.

परवा युरियाची चौकशी करायला गेलो, तर भाऊंनी गल्ल्यावरून हात पुढे करून मोबाइल माझ्या नाकापाशी आणला. नवीन ट्रेलर. पाऊस, चिखल, एकटा पोरगा, वीस जण.

"लाथ पाह्य. लाथ अन् थोबाड, एका टायमाले."

पाहिली. लाथ खरंच चांगली होती. मग ट्रेलर संपता संपता कोणीतरी हेलिकॉप्टरमधून काहीतरी झाडताना दिसलं.

"भाऊ, बंदूक आहे याच्यात."

"थे ट्रेलरमधी आहे. पिच्चरमधी नसन," असं म्हणून त्यांनी काळीपिवळीवाल्याला फोन लावला आणि विचारलं, रविवारी सहा सीट निघतील काय.